सुट्टी आली

वडगाव रासाईत म्हाळूच्या घरी सुट्टी गुरुवारी दुपारच्या एसटीनं यायची. तिच्या खांद्याला रेक्झिनची पर्स असायची, हातात वायरची पिशवी आणि पायात उंच टाचेची चप्पल. स्टँडपासून घरापर्यंतच्या मुरुमात ती चप्पल दर वेळी एकदा तरी मुरगळायची. पिशवीत खारी असायची, केळी असायची, कधी रंगीत रबरबँड असायचे. सुट्टी आली की घरात अंड्याचं कालवण व्हायचं. ती प्राचीची वेणी घालायची, नखं काढायची, तिला मांडीवर घेऊन उगाच तिच्या डोक्याचा वास घेत बसायची, आणि दिवस कलला की शिरूरच्या गाडीनं परत जायची.

हे सगळं प्राचीचं म्हणणं. प्राची तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचं हे म्हणणं घरात अजून कोणी खोडून काढलेलं नव्हतं.

चूक धरायचीच तर खंडू दुकानदाराची धरावी. वस्तीला फोन तेवढा त्याच्याच दुकानात होता, रुपया टाकायचा लाल डबा. म्हाळूची सून करुणा कारेगावला एका कंपनीत बाटल्यांना बुचं बसवायच्या लाइनवर होती, आणि लेक नवनाथ दुसऱ्या कंपनीत मशिनीवर. दोघांच्याही कंपनीला गुरुवारची सुट्टी. पण माल जास्त निघाला की तो गुरुवारही कामात जायचा, म्हणून करुणा बुधवारी संध्याकाळी फोन करून कळवायची. ती सांगायची भरघोस. "खंडूभाऊ, आत्यांना म्हणावं उद्या सुट्टी हाय, आम्ही दोघंबी येतोय, प्राचीचं नाक गळत व्हतं ते थांबलं का, आन् तिला नवा झगा घालून ठिवा." खंडू ऐकून घ्यायचा. मात्र साखर तोलताना जसा त्याचा एक दाणा वर जात नसे, तसा बोलतानाही एक शब्द वर जात नसे. दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो गल्लीत ओरडायचा, "म्हाळूआबा, सुट्टी येऽणार!" नाहीतर, "सुट्टी कॅन्सऽल!"

रात्री 'सुट्टी येणार' म्हणून गल्लीभर डांगोरा पिटायचा आणि दुसऱ्या दिवशी एसटीतून जी बाई उतरेल तिचं नाव सुट्टी नाही असं म्हणायचं, हे कुठल्या पोराला पटेल? नवनाथही उतरायचा, पण त्याचा घोळ नव्हता. आबा त्याला नवनाथ म्हणत, म्हणून प्राचीही नवनाथच म्हणे. तो आल्या आल्या रात्रपाळीची झोप काढायला घोंगडी ओढून पडायचा, आणि संध्याकाळी प्राची त्याला पायानं ढोसायची, "नवनाथ, ऊठ. सुट्टी चालली."

राहिली करुणा. तिला सासरी नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. म्हाळूची बायको ताईबाई सुनेला "अगं" म्हणायची. म्हाळूला सुनेशी बोलायचं झालं तर तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून बोलायचा. म्हणजे घरात एक माणूस बिननावाचं फिरत होतं आणि एक नाव बिनमाणसाचं. पोरीनं दोघांची गाठ घालून दिली. तिला दोष देण्यासारखं यात काही नव्हतं.

आणि 'आई' ही जागा तर केव्हाच भरलेली होती. नवनाथ ताईबाईला आई म्हणे, सगळी वस्ती तिला 'नवनाथची आई' म्हणे, म्हाळूसुद्धा पोरीला सांगे, "जा, आईला म्हणावं भाकर वाढ." प्राची दीड वर्षाची असताना करुणाला कंपनीत काम लागलं आणि तिनं पोरीला सासूच्या ओटीत टाकलं. पहिले दोन महिने पोरगी रात्री रडायची. ताईबाईनं तिला उरावर घेऊन ओटा झिजवला. तिसऱ्या महिन्यात पोरगी तिला आई म्हणाली. ताईबाईनं इकडं तिकडं बघितलं, दुसरं कोणी जवळपास नव्हतं, म्हणून तिनं ओ दिली.

ताईबाई कुणाचं फुकट घेणारी नव्हती आणि कुणाला फुकट देणारीही नव्हती. शेजारून वाटीभर डाळ आली तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. आपली वाटी रिकामी परत आली तर ते घर तिच्या मनात कायमचं नोंदलं जायचं. त्यामुळं ही 'आई' आपल्याला मिळाली ती रात्रीच्या जागरणाची भरपाई म्हणून, असं तिनं मनाशी लावून टाकलं होतं. व्यवहार चोख होता. मात्र त्यात तिसरी बाजूही होती, तिच्याकडं तिनं डोळा मिटला होता.

एका गुरुवारी करुणाच्या ते कानावर आलं. प्राची कंगवा घेऊन तिच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "सुट्टी, माझी येणी घाल."

करुणा आधी पोट धरून हसली. नवनाथला उठवून सांगितलं, तोही हसला आणि परत झोपला. मग वेणी घालता घालता तिचं हसू कमी होत गेलं. रिबिनीची गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, तिला सांगत जावा की. मी कोण ती."

ताईबाई चुलीपुढं होती. तिनं काटकी मोडून आत सारली. "राहू दे गं. ल्हान हाय. शिकंल हळूहळू."

"शिकवलं तर शिकंल ना."

"शिकवायला काय, तू येतीच की दर गुरुवारी."

हे बोलणं बिनतोड होतं, कारण पुढचे तीन गुरुवार कंपनीनं खाल्ले. त्यातल्या एका बुधवारी खंडूनं निरोप आणला तो वेगळाच. "म्हाळूआबा, ओटी लागली!"

म्हाळू बायकोकडं बघायला लागला. "वटी? कुणाची?"

"करुणाची. उद्या दिवसभर ओटी हाय म्हणली."

ताईबाईला राग आला. "आपुन धम्म घेतल्याली माणसं. आपल्यात वटी न्हाई की हळदीकुकू न्हाई. आन् कंपनी कोण लागून गेली तिची वटी भरणारी? खंडू, तिला म्हणावं नारळ घरात आणायचा न्हाई."

खंडूनं शब्द वाचवण्यासाठी ते जसंच्या तसं कळवलं नाही. पुढं आले त्या गुरुवारी नवनाथनं समजावून सांगितलं, की ओटी म्हणजे ओव्हरटाइम, जादा काम, जादा पैसे. ताईबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "मग त्येला वटी कशापायी म्हणायचं? भरायच्या ऐवजी रिकामीच करत्यात की." नवनाथनं घोंगडी ओढून घेतली.

असे गुरुवार येत गेले, जात गेले. प्राची वाढत होती. करुणा कारेगावच्या बाजारातून तिला सँडल आणायची आणि तो दर वेळी आखूड निघायचा, कारण माप मागच्या भेटीचं असायचं. "पोरीचा पाय काय निस्ता गुरुवारीच वाढतो का गं?" ताईबाई म्हणायची. करुणा सँडल परत पिशवीत घालायची. तिच्या कपाळावर आठी यायची नाही, त्यामुळं ताईबाईला पुढचं बोलता यायचं नाही, आणि ते तिला जास्त लागायचं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात, प्राचीला सहावं सरलं तेव्हा करुणानं विषय काढला. जेवणं झाली होती. करुणानं भांडी घासून पालथी घातली, हात पुसले आणि सांगितलं, "आत्या, जूनमधी प्राचीला आम्ही नेतोय. कारेगावच्या शाळत नाव घालायचं."

ताईबाईला हे येणार ठाऊक होतं. तिनं उत्तर महिनाभर आधी शिजवून ठेवलं होतं.

"हितं काय शाळा न्हाई? नवनाथ ह्याच शाळत शिकला."

"शिकले ना. पर तवा त्यांची आई हितंच व्हती."

म्हाळूनं बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं, पण तिकडून काही इशारा आला नाही. तो उठला आणि नदीवरची मोटर बघून येतो म्हणाला. लाइट नव्हती, मोटर बंद होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी अडवलं नाही.

"बरं," ताईबाई म्हणाली, "कंपनीला सुट्टी कवा?"

"गुरुवारी."

"आन् शाळंला?"

करुणा बोटांवर वार मोजायला लागली.

"रविवारी," ताईबाईनंच सांगितलं. "म्हंजी तू घरी तवा पोरगी शाळत, आन् पोरगी घरी तवा तू कंपनीत. नवनाथ दिवसा झोपणार. हितं निदान गुरुवारच्या गुरुवार दिसती तुला. तिकडं न्हेली तर तेवढीबी दिसायची न्हाई."

नवनाथ म्हणाला, "आईचं बरोबर हाय." करुणानं त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "म्हंजी, वार बरोबर हायेत."

"आत्या," करुणा म्हणाली, "रात्री तरी माझ्यापाशी झोपंल ना ती." आवाज अजिबात चढला नव्हता.

ताईबाईनं या प्रश्नाचं उत्तर शिजवून ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्याबाच्या मळ्यात मजुरीनं खुरपताना तिनं हे गिताबाईला सांगितलं. गिताबाई शेजारच्या वाफ्यात होती. तिचं खुरपं आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगानं चालायचं.

"न्हेऊ दे की," गिताबाई म्हणाली. "तिचीच हाय."

"तिची कशी? साडेचार वर्सं मी केलं."

"केलं गं. कोण न्हाई म्हणतंय. दुधापरीस साय ग्वाड, व्हय ना? पर बाई, साय तुझी म्हणलं तरी दूध कुणाचं? भांडं उचलून न्हेलं की साय भांड्यासंगं जाती."

"पोरगी तिला वळखत न्हाई. सुट्टी म्हणती."

"आन् तू सांगितलं न्हाईस."

"ल्हान हाय, शिकंल म्हणलं हळूहळू."

गिताबाई खुरपं थांबवून हसली. "लबाडे," ती म्हणाली, आणि तण उपटून बांधावर टाकलं.

ताईबाईनं मग एक बेत केला. पोरगी नेतो म्हणतात तर नेऊ देत. पण आपण स्वतः नेऊन सोडायची. सहा बाय दहाची पत्र्याची खोली, उन्हाळ्याचे दिवस, अनोळखी माणसं. पोरगी तासाभरात घर डोक्यावर घेईल, आपल्या पदराला धरील, आणि आपण 'बघ बाई, राहत न्हाई, मी तरी काय करू' म्हणून संध्याकाळच्या गाडीला तिला घेऊन परत. भांडणाचं नाव नाही, वाईटपणा नाही. म्हणून तिनं पिशवीत प्राचीचा एकच झगा घातला. पोरीला सांगितलं, "सुट्टीच्या गावाला जायचं. दिवस मावळायच्या आत माघारी यायचं."

"सुट्टीला गाव हाय?" प्राचीनं विचारलं.

"हाय. सगळ्यास्नी असतं."

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी, फोन आला. खंडूनं पायरीवर येऊन थोडा विचार केला, कारण निरोप जुन्या साच्यात बसत नव्हता. शेवटी त्यानं पदरचे दोन शब्द खर्च केले. "सुट्टी येणार न्हाऽय! तुम्हीच जायाचं!"

न्हावऱ्यावरून शिरूर आणि शिरूरहून कारेगाव. प्राची एसटीत खिडकीशी उभी राहिली आणि ऊस, कांद्याच्या वखारी, मग कंपन्यांच्या भिंती, असं जे येईल ते आईला दाखवत राहिली. एका फाटकापुढं एकाच रंगाचे शर्ट घातलेली माणसं रांगेत उभी होती. "ही कुठली शाळा?" तिनं विचारलं. शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "ही लई मोठी शाळा, बाळ. हितं पास कुणी व्हत न्हाई."

चाळ मारुतरावांची होती. मारुतरावांच्या वावराला कंपनीचं कुंपण येऊन भिडलं, तेव्हापासून त्यांनी कांदा सोडून खोल्या लावल्या होत्या. खुरपायला लागत नाहीत आणि भाव पडत नाही, असं ते सांगत. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या खोल्यांची ओळ, मधे बोळ, बोळाच्या तोंडाशी नळ. नळाला पाणी आलेलं होतं, त्यामुळं सगळ्या बायका बाहेर होत्या.

ताईबाई पोरीचं बोट धरून बोळात शिरली. कुणाला विचारावं म्हणून थांबली, तेवढ्यात कळशी भरणारी एक बाई सरळ उभी राहिली आणि ओरडली, "अरे, प्राची आ गई!"

बादल्या तशाच राहिल्या. या दारातून, त्या दारातून बायका आल्या. "हीच का प्राची?" "दात पडला न्हवं गं तुझा? कुठला? दाखव." "दोडका खात न्हाई ना ही?" "अन् ते मांजर? मांजराला पिल्लं झाली का?" एकीनं गाल ओढला, एकीनं हातावर गुळशेंगदाणे ठेवले. नागपूरकडची एक, परभणीची एक, आणि ती कळशीवाली बिहारची, छपऱ्याची. ताईबाईनं यातल्या एकीलाही जन्मात पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांना तिच्या घरातल्या मांजराची बाळंतपणं ठाऊक होती.

छपऱ्याची बाई खोल्यांकडं तोंड करून ओरडली, "ए प्राची की मम्मी! बाहर आव, तोहार प्राची आ गई!"

दुसऱ्या खोलीतून कोणीतरी तीच हाक पुढं दिली. "प्राचीच्या मम्मी! अहो प्राचीच्या मम्मी!"

ताईबाईच्या ध्यानात आलं, की सुनेला या चाळीत करुणा कोणी म्हणतच नाही. जिथं प्राचीनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथं ही बाई साडेचार वर्षं प्राचीची मम्मी म्हणून वावरत होती. आणि जिथं प्राची होती, तिथं ती सुट्टी होती.

प्राचीला हे सगळं आवडलं होतं. दोन्ही मुठी गुळशेंगदाण्यांनी भरल्या होत्या. मात्र एक गोष्ट तिला उमगेना. तिनं चौफेर बघितलं आणि मोठ्यांदा विचारलं, "प्राचीची मम्मी कोण हाय?"

बायका खो खो हसल्या. मग त्यांना दिसलं की पोरगी हसत नाही. हसणं एकेक करून बंद झालं. नळ तेवढा चालू होता आणि कुणाची तरी बादली वाहत होती.

करुणा दारात आली होती. ओले हात पदराला पुसायचे राहिले होते. ती पोरीकडं बघत नव्हती, ताईबाईकडं बघत होती. मागण्यासारखं काही तिच्या तोंडावर नव्हतं. वाटी आपल्या दाराशी ठेवून माणूस गप्प उभं राहावं, तशी ती उभी होती.

छपऱ्याच्या बाईला चाळीत 'मुन्नी की माँ' म्हणत. मुन्नीला मात्र चाळीत कोणी पाहिलेलं नव्हतं. मुन्नी छपऱ्याला आजीजवळ होती. मुन्नी की माँनं आपली अर्धी भरलेली कळशी उचलली आणि डाळ लागेल म्हणत आत गेली.

ताईबाई मनात म्हणाली, आता बोललं नाही तरी चालेल. 'ल्हान हाय, शिकंल' म्हटलं की झालं. तोंडावर आलेलंही होतं. पण समोर एवढ्या बायका, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीला मांजराला किती पिल्लं झाली तेसुद्धा माहीत. या गल्लीत आपण रिकामी वाटी परत केली असं होईल.

"ही," ती म्हणाली आणि करुणाकडं बोट केलं.

"ही सुट्टी हाय," प्राची म्हणाली.

"सुट्टी वार असतो गं येडे. गुरुवार असतो. माणूस नसतं. ही तुझी आई."

"मग तू?"

"मी नवनाथची आई."

प्राचीनं यावर विचार केला. नवनाथची आई हे तिनं गल्लीत पुष्कळदा ऐकलेलं होतं, त्यामुळं त्यात तिला नवं काही वाटलं नाही. प्राचीची आई हे नवं होतं. तिनं करुणाला वरपासून खालपर्यंत नव्यानं बघितलं, पर्स नाही, पिशवी नाही, पाय अनवाणी. "तू आज एसटीनं आली न्हाईस," ती म्हणाली.

"न्हाई," करुणा म्हणाली. "मी हितंच व्हते." आणि घाईघाईनं आत गेली, स्टोवर चहा उतू गेला म्हणून. स्टो पेटवलेला नव्हता.

दुपारी अंड्याचं कालवण झालं. नवनाथ एका कोपऱ्यात झोपला होता. त्याच्या पायावरून ये-जा चालली होती. खोली होती तेवढीच होती, पण रॅकवर शाळेचे काळे बूट होते, आणि ते चांगले दोन बोटं मोठे. "आवंदा मोठेच घेतले," करुणा म्हणाली. "वाढू दे कुठल्याबी वारी." ताईबाईनं बूट उलटसुलट करून बघितला आणि नाव ठेवायला जागा सापडली नाही.

प्राची नळावर परभणीवालीच्या पोरांबरोबर पाण्यात खेळत होती. ताईबाई दोनदा दारात जाऊन उभी राहिली. पोरीनं दोन्ही वेळा हात हलवला आणि परत पाण्यात गेली. उन्हं उतरायला लागली तशी ताईबाई तिसऱ्यांदा गेली आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "चल, मी निघते." एवढ्यावर तरी रडेल. प्राचीनं विचारलं, "मांजराला सांगशील का, मी हितं हाय म्हणून?"

करुणा पिशवी उघडून कपडे लावायला बसली. पिशवीत एक झगा निघाला. तिनं तो झटकला, पिशवी उलटी केली, परत आत बघितलं. मग सासूकडं बघितलं. ताईबाई पत्र्याची पन्हाळं मोजत होती.

"बाकीचे वाळत घातले व्हते," ताईबाई म्हणाली.

"व्हय," करुणा म्हणाली. तिनं झगा घडी करून रॅकवर ठेवला. "मग आत्या, असं करा. बाकीचे झगे रविवारी आणा. रविवारी शाळा न्हाई, मी कंपनीत, हे झोपल्याले. तवा कुणीतरी पायजेच की पोरीपाशी. तुम्हीच म्हणला व्हता, वार जमत न्हाईत."

ताईबाईला आपलंच खुरपं आपल्या पायावर आलेलं कळलं. पण लागलं मात्र नाही. "दर रविवारी?" तिनं विचारलं.

"जमंल तसं. न्हाई जमलं तर बुधवारी खंडूभाऊंच्या फोनवर सांगा."

"बुधवारी कशापायी? शनिवारी सांगीन की."

एसटीत ती खिडकीशी बसली. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर तिनं रिकामी पिशवी ठेवली आणि शिरूरपर्यंत कुणाला बसू दिलं नाही. घरी म्हाळू ओट्यावर वाट बघत होता. त्यानं बायकोच्या मागं बघितलं, मग रस्त्याकडं. "पोरगी?"

"राहिली."

"रडली का?"

"कोण?" ताईबाईनं विचारलं आणि चूल पेटवायला गेली. म्हाळू उठला. नदीवर मोटर बघायला जातो म्हणाला. या खेपेला लाइट होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिला रविवार ताईबाईच्या पाहुण्यांच्या लग्नात गेला. शनिवारी खंडूच्या दुकानातून तिनं फोन लावला आणि मारुतरावांच्या घरी निरोप ठेवला. निरोप तिनं भरघोस सांगितला. पुढच्या रविवारी ती निघाली. एका पिशवीत उरलेले सगळे झगे होते, दुसरीत शेपूची जुडी होती, भाजलेल्या शेंगा होत्या. खारी तिनं शिरूरच्या स्टँडवर घेतली. का घेतली ते तिलाही सांगता आलं नसतं, घरात खारी कधी तिनं आणलेली नव्हती. करुणा आणायची.

कारेगावच्या फाट्यावर ती उतरली. बोळ तोच होता. मुन्नी की माँ दारात तांदूळ निवडत बसली होती. प्राची तिच्या शेजारी उकिडवी बसून खडे गोळा करत होती. पायात शाळेचे बूट, रविवार असूनही. तिनं मान वर केली, बोळाच्या तोंडाशी पिशव्या घेतलेली बाई दिसली. हातातले खडे तांदळात टाकून ती उठली आणि नाचायला लागली.

"आली! आली!"

"कौन आई?" मुन्नी की माँनं ताट सावरत विचारलं.

"आई न्हाई," प्राची तिला समजावत म्हणाली. "आई कंपनीत गेली. ही सुट्टी आली!"

आतून नवनाथचा झोपेतला आवाज आला, "प्राची, सुट्टी न्हाई म्हणायचं, आजी म्हणावं."

ताईबाईनं पिशव्या उंबऱ्याशी टेकवल्या. पोरगी कमरेला येऊन भिडली होती, आणि बूट अजून दोन बोटं मोठेच होते.

"राहू दे रं," ती म्हणाली. "ल्हान हाय. शिकंल हळूहळू."